रक्तवाहिनीचा राखणदार : मधुमेहात इन्सुलिनच्या कार्याचे काय होते?

दक्षिण दिल्लीत, सरोजिनी नगर आणि किदवई नगर यांच्या शेजारी, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली लक्ष्मीबाई नगर ही वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून बदलून आलेली कुटुंबे राहत आली आहेत. तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर दोन मोठी रुग्णालये आहेत : एक सफदरजंग रुग्णालय आणि दुसरी १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. अशा वसाहतीत मध्यमवयीन माणसांच्या बोलण्यात एक वाक्य हटकून येते : ‘त्यांना शुगर निघाली.’ बोलणारा मराठी असो, बंगाली असो की पंजाबी, ‘शुगर’ हा शब्द सर्वांना सारखाच समजतो.

या शब्दातच एक गैरसमज दडलेला आहे. मधुमेह म्हणजे रक्तात साखर वाढणे आणि इन्सुलिन म्हणजे ती साखर उतरविणारे औषध, असे समीकरण सामान्य माणसाच्या मनात पक्के झालेले असते. मग तो एका प्रश्नापाशी अडखळतो. हा रोग जर साखरेचा आहे, तर तो डोळ्यांची दृष्टी का हिरावून घेतो? मूत्रपिंडे का निकामी करतो? पायाची साधी जखम महिनोन्‌महिने का चिघळते आणि हृदयविकाराचा झटका मधुमेही माणसाला इतरांपेक्षा लवकर का येतो? डोळा, मूत्रपिंड, पाऊल आणि हृदय हे अवयव एकमेकांपासून दूर आहेत. परंतु त्यांना जोडणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे रक्तवाहिनी. मधुमेहाचा खरा आघात होतो तो रक्तवाहिनीच्या भिंतीवर. आणि या भिंतीची राखण करणाऱ्यांमध्ये जे पदार्थ आहेत, त्यांतील एक महत्त्वाचा पदार्थ म्हणजे खुद्द इन्सुलिन. हे कार्य कसे चालते आणि मधुमेहात ते कसे बिघडते, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

जुना रोग, नवे कोडे

मधुमेहाची ओळख आपल्या देशाला फार प्राचीन आहे. सुश्रुताने त्याचे दोन प्रकार सांगितले होते : एक जन्मतःच असणारा आणि दुसरा अपथ्यामुळे जडणारा, पहिल्यातील रोगी कृश, तर दुसऱ्यातील स्थूल. आजचे शास्त्र ज्यांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणते, त्यांच्याशी हे वर्णन बरेच जुळते.

या रोगाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे १८८९ साली कळले. स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला तीव्र मधुमेह झाला. पुढे १९२१ साली टोरांटो येथे बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून उपयुक्त अर्क मिळविला, कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. जो रोग मुलांना काही महिन्यांत मृत्यूच्या दारी नेत असे, त्याच्यासह आता वर्षानुवर्षे जगता येऊ लागले.

परंतु रोगी दीर्घकाळ जगू लागले तेव्हा या रोगाचे दुसरे रूप प्रकट झाले. १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छांत होणारी विशिष्ट विकृती वर्णन केली. योगायोगाने त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले, की काही मधुमेही इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देतात, तर काहींच्या शरीरावर इन्सुलिनचा प्रभाव फारच थोडा पडतो. १९६० साली रोझलिन येलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन अचूक मोजण्याची पद्धत शोधून काढली आणि हिम्सवर्थ यांच्या निरीक्षणाला बळकटी आली. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हते. उलट ते निरोगी माणसापेक्षाही अधिक आढळले. इन्सुलिन होते, पण शरीर त्याचे ऐकत नव्हते. या अवस्थेला इन्सुलिन-प्रतिरोध असे नाव मिळाले.

अशा रीतीने दोन कोडी शास्त्रज्ञांपुढे उभी राहिली. मधुमेहात रक्तवाहिन्या का बिघडतात, हे पहिले. आणि शरीर इन्सुलिनला दाद का देत नाही, हे दुसरे. त्या दोहोंचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे हे उमगायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

वाहिनीचे अस्तर

रक्तवाहिनी म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळासारखी एक निर्जीव नळी, अशी कल्पना दीर्घकाळ रूढ होती. प्रत्यक्षात ती जिवंत आहे. तिच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो आकुंचन पावला की वाहिनी अरुंद होते, सैल झाला की रुंद होते. आणि या भिंतीच्या अगदी आतल्या बाजूला, जेथे रक्ताचा प्रत्यक्ष स्पर्श होतो तेथे, एकाच पेशीच्या जाडीचे एक तलम अस्तर पसरलेले असते. त्याला अंतःस्तर म्हणतात. हृदयापासून ते सर्वांत बारीक केशवाहिनीपर्यंत हे अस्तर अखंड आहे.

या अस्तराचे महत्त्व एका प्रयोगातील विसंगतीमुळे लक्षात आले. न्यूयॉर्कमधील रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करीत असत. एक विशिष्ट रसायन दिले असता काही तुकडे सैल पडत, तर काही आखडत. शोध घेता असे दिसले, की जे तुकडे सैल पडत नव्हते, त्यांचे आतील अस्तर ते तयार करताना नकळत खरवडले गेले होते. १९८० साली फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झवाड्झकी यांनी असा निष्कर्ष मांडला, की अस्तरातून एक पदार्थ स्रवतो आणि तो स्नायूंच्या थराला सैल होण्याचा संदेश देतो. हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू होय, हे त्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत कळ आली असता जिभेखाली ठेवण्याची जी गोळी अनेक घरांत जपून ठेवलेली असते, तिच्यापासूनही शरीरात हाच वायू तयार होतो.

नायट्रिक ऑक्साइडचे काम केवळ वाहिनी रुंद करण्यापुरते मर्यादित नाही. रक्तातील बिंबाणूंना तो एकत्र गोळा होऊ देत नाही, त्यामुळे विनाकारण गुठळ्या होत नाहीत. पांढऱ्या पेशींना तो अस्तराला चिकटू देत नाही. भिंतीतील स्नायुपेशींची अवास्तव वाढ तो रोखतो. धमन्यांच्या भिंतीत मेदाचा थर साचून त्या कठीण व अरुंद होण्याची जी क्रिया आहे, तिच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर हा वायू आडवा उभा राहतो. म्हणूनच अस्तर निरोगी आहे की नाही, हे मुख्यतः ते पुरेसा नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते की नाही यावरून ठरविले जाते.

इन्सुलिनचे दोन आदेश

आता इन्सुलिनकडे वळू. जेवणानंतर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि स्नायू व मेद यांच्या पेशींना साखर आत घेण्याची आज्ञा मिळते. हे सर्वपरिचित आहे. परंतु साखर स्नायूपर्यंत पोहोचायची तर तिला रक्तानेच नेले पाहिजे. निसर्गाने येथे मोठी सोय करून ठेवली आहे. अंतःस्तराच्या पेशींवरही इन्सुलिनला ओळखणारे ग्राहक असतात. इन्सुलिन त्यांना जाऊन मिळाले, की अस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात तयार करू लागते, स्नायूंतील बारीक वाहिन्या उघडतात आणि साखर वाहून नेणारे रक्त तेथे अधिक प्रमाणात पोहोचते. १९९४ साली अमेरिकेतील इंडियाना येथील संशोधकांनी निरोगी माणसांवर प्रयोग करून हे दाखविले. इन्सुलिन दिले असता पायातील रक्तप्रवाह वाढला. पण नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारे द्रव्य दिल्यावर ही वाढ नाहीशी झाली.

याचा अर्थ इन्सुलिन हे केवळ साखरेचे दार उघडणारे नाही, तर दारापर्यंतचा रस्ताही तेच मोकळा करते. आणि रस्ता मोकळा करताना भिंतीची राखणही करते.

परंतु इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत गेल्यावर एकाच वाटेने जात नाही. त्याला दोन फाटे फुटतात. पहिल्या वाटेने नायट्रिक ऑक्साइड निर्माण होतो. दुसऱ्या वाटेने पेशींच्या वाढीला चालना मिळते आणि एन्डोथेलिन नावाचे द्रव्य तयार होते. हे द्रव्य वाहिनीला आखडून धरते. निरोगी शरीरात या दोन्ही वाटांची गरज असते. वाढ आणि दुरुस्ती, सैल होणे आणि आखडणे यांचा तोल त्यांच्यामुळेच राहतो. त्यात पहिल्या वाटेचे पारडे जड असते.

सरकारी कचेरीतील दाखला घेतला तर हे चटकन समजेल. एखादे पत्र आवक विभागात येते आणि त्याच्या दोन प्रती दोन शाखांकडे जातात. एक शाखा देखभालीची, दुसरी नव्या बांधकामाची. दोन्ही शाखा आपापले काम करीत असतील तर इमारत सुस्थितीत राहते. आता समजा, देखभाल शाखेतील कारभार ठप्प झाला. फायली तेथे पडून राहू लागल्या. काम होत नाही असे पाहून वरिष्ठांकडून स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे सुटू लागली. पण प्रत्येक स्मरणपत्राची एक प्रत बांधकाम शाखेकडेही जाते आणि ती शाखा तर तत्पर आहे! परिणाम असा होतो, की भिंतींची डागडुजी होत नाही, गळती थांबत नाही, आणि त्याच वेळी नको तेथे विटांचे थर चढत राहतात.

इन्सुलिन-प्रतिरोधात रक्तवाहिनीची हीच स्थिती होते. शरीर इन्सुलिनच्या बाबतीत सर्वस्वी बहिरे होत नाही. ते अर्धवट बहिरे होते. राखण करणारी पहिली वाट बंद पडते, पण आखडविणारी व वाढ घडविणारी दुसरी वाट उघडीच राहते. साखर उतरत नाही म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडत राहते आणि हे वाढीव इन्सुलिन उघड्या राहिलेल्या वाटेने आपला प्रभाव गाजविते. अमेरिकेतील बॉस्टन येथील जोसलिन मधुमेह केंद्रात जॉर्ज किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली स्थूल उंदरांच्या रक्तवाहिन्यांत हा एकतर्फी प्रतिरोध दाखवून दिला.

तरीही एक शंका उरते. रक्तवाहिन्या बिघडतात त्या वाढलेल्या साखरेने व मेदाने, की इन्सुलिनचा संदेश अस्तरापर्यंत न पोहोचल्याने? या दोहोंचा परिणाम वेगळा कसा करावयाचा? त्याच केंद्रातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने याचे उत्तर दिले. ज्यांच्या धमन्यांत मेद सहज साचतो अशा जातीच्या उंदरांमध्ये त्यांनी केवळ अंतःस्तरातील इन्सुलिनचे ग्राहक नाहीसे केले. शरीराच्या इतर भागांना हात लावला नाही. या उंदरांच्या रक्तातील साखर, मेद आणि रक्तदाब हे सारे इतर उंदरांसारखेच राहिले. तरीही त्यांच्या धमन्यांत साचलेल्या मेदाच्या थराचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. साखर जशीच्या तशी असतानाही, अस्तराला इन्सुलिनचा निरोप मिळाला नाही एवढ्यानेच धमनी रोगट झाली होती.

वाट कशामुळे अडते?

पहिल्या वाटेत अडथळे निर्माण करणारी कारणे अनेक आहेत. पोटाच्या आतील मेदातून रक्तात येणारी मेदाम्ले हे एक कारण. त्याच मेदातून स्रवणारी दाहकारक द्रव्ये हे दुसरे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे पेशींच्या आतील काही विकरे वाजवीपेक्षा अधिक क्रियाशील होतात आणि इन्सुलिनचा निरोप मधल्या मध्ये अडवितात. प्रथिनांना साखर चिकटून तयार होणारी संयुगे वाहिनीच्या भिंतीला ताठ करतात आणि नायट्रिक ऑक्साइडचा नाश घडवून आणतात.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. अस्तर रोगट झाले की स्नायूंकडे जाणारे रक्त कमी पडते. रक्त कमी पडले की साखर आत शिरण्यास विलंब होतो. साखर रक्तात अधिक काळ राहिली की अस्तर आणखी रोगट होते. म्हणजे रक्तवाहिनीचा विकार हा केवळ मधुमेहाचा परिणाम नाही. काही अंशी तो मधुमेह वाढविणाराही आहे.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे निरोप ऐकू न येण्याचा प्रश्न आरंभी नसतो. निरोप देणारेच कोणी नसते. अशा माणसाला इन्सुलिन बाहेरून देणे हाच मार्ग. ते वेळेवर व योग्य मात्रेत मिळाले तर साखरेबरोबर रक्तवाहिन्यांचेही रक्षण होते. साखर दीर्घकाळ चढी राहिली तर मात्र या रुग्णांच्या अस्तरातही वर सांगितलेले अडथळे उत्पन्न होतात.

या बिघाडाचे परिणाम अवयवागणिक वेगळे दिसतात. डोळ्यातील दृष्टिपटलाच्या सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो आणि पुढे तेथे नाजूक, सहज फुटणाऱ्या नव्या वाहिन्यांचे जाळे वाढते. मूत्रपिंडात गाळणीचे काम करणारे वाहिन्यांचे गुच्छ प्रथिने अडवू शकत नाहीत आणि ती लघवीवाटे जाऊ लागतात. पायाकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद होतात. त्यातच मज्जातंतू बधिर झालेले असल्याने चपलेतील खडा टोचलेलाही कळत नाही. हृदयाच्या धमन्यांत मेदाचे थर साचतात. अवयव चार, पण त्या सर्वांना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचे अस्तर एकच.

दिल्ली आणि पुणे

हा विषय भारतीय वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात मधुमेहाची पाहणी केली, तिचे नेतृत्व दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. एम. एम. एस. आहुजा यांनी केले होते. पाहणीच्या सहा केंद्रांत दिल्ली आणि पुणे या दोन्ही शहरांचा समावेश होता. त्या वेळी शहरी भागात सुमारे २.१ टक्के आणि ग्रामीण भागात १.५ टक्के लोकांत मधुमेह आढळला. पुढे २०१०-११ मध्ये दिल्लीतील वीस वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता आणि सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात होते. निदानाचे निकष व वयोगट बदलल्यामुळे या आकड्यांची तंतोतंत तुलना करता येत नाही. पण वाढीविषयी शंका उरत नाही.

या वाढीचे एक कारण दिल्लीतच सापडले. १९६९ ते १९७२ या काळात दक्षिण दिल्लीच्या एका भागात जन्मलेल्या सुमारे आठ हजार बालकांची नोंद ठेवण्यात आली आणि त्यांचे वजन व उंची ठराविक अंतराने मोजली जाऊ लागली. ही बालके मोठी झाल्यावर, २६ ते ३२ या वयात, त्यांच्यापैकी सुमारे दीड हजार जणांची पुन्हा तपासणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४.४ टक्के जणांना मधुमेह होता आणि १०.८ टक्के जण त्याच्या उंबरठ्यावर होते. ही माणसे लहानपणी लठ्ठ होती काय? तसे नव्हते. वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ती कृश होती आणि नंतर त्यांच्या अंगावर मेद झपाट्याने चढत गेला होता.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी के. ई. एम. रुग्णालयात हाच धागा आणखी मागे नेला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९३ साली सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलोग्रॅम. पुण्याकडील बालकांचे स्नायू कमी भरलेले होते, परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. दिसायला कृश, पण घडणीत मेदयुक्त! पुढील अभ्यासात असे आढळले, की भारतीय बालकांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिनचे प्रमाणही अधिक असते.

रक्तवाहिन्यांविषयी आतापर्यंत जे पाहिले, त्याच्या प्रकाशात या निष्कर्षाचे महत्त्व ध्यानी येईल. रक्तातील साखर वाढून रोगाचे निदान होते ते चाळिशीत किंवा पन्नाशीत. पण इन्सुलिनची मात्रा वाढविण्याची शरीराची धडपड कितीतरी आधी सुरू झालेली असते. तोवर साखर तपासणीत बिनचूक दिसते, आणि अस्तराची राखण मात्र ढिली पडू लागलेली असू शकते. ‘माझे वजन बेताचे आहे, मला मधुमेह कसा होईल?’ हा प्रश्न भारतीय माणसाने स्वतःला दिलेला खोटा दिलासा ठरतो. वजनाच्या काट्यापेक्षा कमरेचा घेर येथे अधिक खरे बोलतो.

उपाय : केवळ साखर नव्हे

साखर ताब्यात ठेवण्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात पहिल्या प्रकारच्या १,४४१ मधुमेहींचा अभ्यास झाला. ज्यांची साखर कसून आटोक्यात ठेवली गेली, त्यांच्यात डोळ्यांच्या व मूत्रपिंडांच्या सूक्ष्म वाहिन्यांचे विकार पुष्कळच कमी झाले. १९९८ साली ब्रिटनमधील पाहणीने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही सूक्ष्म वाहिन्यांना असाच लाभ होतो हे दाखविले.

परंतु मोठ्या धमन्यांच्या बाबतीत केवळ साखरेच्या मागे लागणे पुरेसे ठरले नाही. २००८ साली अमेरिकेत दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील एका प्रयोगात साखर जवळजवळ निरोगी पातळीवर आणण्याचा अट्टाहास करण्यात आला, तेव्हा मृत्यू घटण्याऐवजी वाढले आणि प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. याउलट डेन्मार्कमधील स्टेनो केंद्रात १६० रुग्णांवर झालेला प्रयोग पाहण्यासारखा आहे. तेथे अर्ध्या रुग्णांची साखर, रक्तदाब आणि रक्तातील मेद या सर्वांवर एकदम उपचार झाले; आहार, व्यायाम आणि धूम्रपान सोडणे यांवरही भर देण्यात आला. सुमारे आठ वर्षांनंतर त्यांच्यातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत निम्म्यावर आले. भिंतीवर चारही बाजूंनी मारा होत असेल तर एकाच बाजूला पहारा बसवून भागत नाही, हाच याचा अर्थ.

इन्सुलिनविषयी जनमानसात असलेल्या भीतीचाही येथे विचार केला पाहिजे. ‘एकदा इंजेक्शन सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला,’ असे अनेक घरांत मानले जाते. वाढलेले इन्सुलिन दुसऱ्या वाटेने अपाय करते हे वाचून ही भीती आणखी वाढण्याचा संभव आहे. म्हणून २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष मुद्दाम सांगावासा आहे. १२,५३७ व्यक्तींवर सहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या प्रयोगात इन्सुलिन घेणाऱ्यांना हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा अधिक आढळला नाही. अपाय इन्सुलिनने होत नाही. इन्सुलिनचा निरोप अडून राहिल्याने होतो. वैद्यांनी इन्सुलिन घ्यावयास सांगितले असता ते टाळणे म्हणजे साखरेला मोकळे रान देणे होय. मात्र निरोपाची वाट मोकळी करण्याचे काम इंजेक्शन एकटे करू शकत नाही.

ते काम कशाने होते? सर्वांत सोपा उपाय म्हणजे चालणे. माणूस भरभर चालू लागला की रक्ताचा वेग वाढतो आणि अस्तराला त्याचे घर्षण जाणवते. या घर्षणानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करू लागते आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. त्याचप्रमाणे आकुंचन पावणारा स्नायूही इन्सुलिनच्या मदतीवाचून साखर आत घेऊ शकतो. जी दोन कामे इन्सुलिन-प्रतिरोधामुळे अडलेली असतात, ती दोन्ही चालण्याने दुसऱ्या मार्गाने साधली जातात. शिवाय नियमित व्यायामाने पोटातील मेद घटतो आणि बंद पडलेली पहिली वाटही हळूहळू मोकळी होऊ लागते.

तंबाखूचे व्यसन, मग ते विडी-सिगारेटचे असो की मळून खाण्याचे, मधुमेही माणसाने सोडलेच पाहिजे. धूर तर अस्तरावर थेट आघात करतो. रक्तदाब व रक्तातील मेद यांची तपासणी साखरेइतक्याच नियमाने व्हावयास हवी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, लघवीत प्रथिने जातात का ते पाहावे आणि तळपाय तर रोजच स्वतः न्याहाळावेत. दृष्टिपटल हा शरीरातील असा एक भाग आहे, की जेथे सूक्ष्म रक्तवाहिन्या कापाकापी न करता प्रत्यक्ष पाहता येतात. तेथे जे दिसते ते बऱ्याचदा इतरत्र काय चालले आहे याची सूचना असते.

लक्ष्मीबाई नगरसारख्या वसाहतीत ‘शुगर निघाली’ असे कोणी सांगितले, की शेजारी लगेच विचारतात, ‘किती निघाली?’ प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. त्याच्या पाठोपाठ रक्तदाब किती, कमरेचा घेर किती, डोळे कधी तपासले, रोज किती चालता, हेही विचारले गेले पाहिजे. मधुमेहात जपावयाचे ते केवळ रक्तातील साखरेचा आकडा नव्हे. ते आहे एका पेशीच्या जाडीचे, डोळ्यांना न दिसणारे, शरीरभर पसरलेले अस्तर. इन्सुलिन त्याचा राखणदार आहे. आणि त्या राखणदाराची हाक भिंतीपर्यंत पोहोचू देणे हे पुष्कळ अंशी माणसाच्या स्वतःच्या हाती आहे.